इंडेक्स टू मध्ये समुद्र लिहिलेला नसतो

"वरळीत सध्या काय रेट चाललाय?" मी व्हॅल्युएशनचं, म्हणजे घरांची किंमत ठरवायचं काम करते हे कळलं की लग्नाच्या पंगतीपासून डॉक्टरच्या वेटिंग रूमपर्यंत कुठेही हाच प्रश्न येतो. टू बीएचकेचं विचारलं तर मी उत्तर देतेही, कारण डोंबिवलीला किंवा वाकडला एकाच कॉम्प्लेक्समध्ये एकसारखे फ्लॅट सतत विकले जात असतात, शेजारच्या विंगमधला कितीला गेला हे कळलं की आपलं घर कितीला जाईल याचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो. पण पन्नास कोटी, शंभर कोटीच्या घराला असा रेट नसतोच हो. तिथे प्रत्येक व्यवहार वेगळा, घेणारा वेगळा, विकणाऱ्याची निकड वेगळी, आणि ते काय होतं हे समजून न घेता नुसता आकडा उचलला तर घेणाऱ्याचं नाहीतर देणाऱ्याचं, कोणाचं तरी नुकसान ठरलेलं.

वरळीचंच घ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये थ्री सिक्स्टी वेस्ट या टॉवरमधले २८ फ्लॅट एकदम विकले गेले, डी-मार्टच्या राधाकिशन दमाणींच्या कुटुंबाने आणि जवळच्या मंडळींनी घेतले, एकूण १,२३८ कोटी रुपये. क्षेत्रफळ साधारण १.८२ लाख चौरस फूट, म्हणजे फुटाला ६८ हजार. त्याच सुमारास त्याच टॉवरमधलं सुमारे तीस हजार फुटांचं पेंटहाऊस २४० कोटींना गेलं, म्हणजे फुटाला ८० हजार. आणि २०२५ मध्ये त्याच वरळीत, सी-फेसवरच्या नव्या इमारतीत ३२ ते ३५ मजल्यांवरचे दोन डुप्लेक्स, मिळून २२,५७२ फूट, ६३९ कोटींना नोंदले गेले. फुटाला २ लाख ८३ हजार!

आता या तिन्हींची सरासरी काढली तर जो आकडा येईल तो वरळीतल्या एकाही घराला लागू होणार नाही. पहिल्यात घेणारा २८ घरं एकत्र उचलतोय, तो घाऊक भाव मागणारच आणि एवढी घरं एका सहीत खपतायत म्हटल्यावर विकणाराही देणार. दुसऱ्यात सगळ्यात वरचं घर, तसं दुसरं त्या इमारतीत नाही. तिसऱ्यात समोर थेट समुद्र, मध्ये फक्त रस्ता, मोजकेच फ्लॅट असलेली इमारत. एकच वरळी म्हणून तिघांना एका रांगेत बसवायचं कसं?

त्यात २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चची अजून एक गोष्ट आहे जी आकड्यात दिसत नाही. तोपर्यंत शेअर्स किंवा कंपनीतला हिस्सा विकून जो नफा होईल तो घरात घातला की कलम ५४ एफ खाली कॅपिटल गेन्स टॅक्स वाचायचा, आणि किती वाचवायचा याला वरची मर्यादा नव्हती. १ फेब्रुवारीच्या बजेटमध्ये जाहीर झालं की १ एप्रिलपासून १० कोटींच्या वर ही सवलत नाही. म्हणजे ज्यांच्याकडे असा पैसा होता त्यांच्या हातात दोन महिने राहिले. मलबार हिलला बांधकाम चालू असलेल्या एका टॉवरमधलं ट्रिप्लेक्स त्याच मार्चमध्ये ३६९ कोटींना गेलं, फुटाला सुमारे १ लाख ३६ हजार. ज्याचा टॅक्समध्ये मोठा पैसा वाचणार आहे तो घासाघीस किती करेल? त्याला तारखेच्या आत दस्त नोंदवायचा असतो. त्यामुळे त्या दोन महिन्यांतला कुठलाही मोठा व्यवहार समोर आला की मी आधी तारीख बघते, मग आकडा. तसंच सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ चं, तेव्हा राज्य सरकारने स्टँप ड्युटी आधी तीन टक्क्यांनी आणि मग दोन टक्क्यांनी कमी केली होती, नोंदणीला झुंबड उडाली होती. शंभर कोटीच्या घरावर तीन टक्के म्हणजे तीन कोटी, ही रक्कम या लोकांनाही लहान वाटत नाही, माझा अनुभव असा की जेवढं घर मोठं तेवढा हिशेब बारीक.

आमचा रोजचा कागद म्हणजे इंडेक्स टू, सूची क्रमांक २, नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा. नोंदणी विभागाच्या साइटवर वर्ष, जिल्हा, विभाग आणि सीटीएस नंबर (जागेचा नगर भूमापन क्रमांक) टाकला की कोणालाही बघता येतो, त्यासाठी व्हॅल्युअर असायची गरज नाही आणि मला वाटतं घर विकणाऱ्या प्रत्येकाने ब्रोकरशी बोलायच्या आधी तो काढावाच. वर विलेखाचा प्रकार, मग मोबदला म्हणजे करारातली किंमत, मग बाजारभाव, मग भू-मापन आणि घर क्रमांक, मग क्षेत्रफळ, मग दोन्हीकडच्या पक्षकारांची नावं, तारखा, मुद्रांक शुल्क. बहुतेक लोक मोबदला आणि क्षेत्रफळ बघतात, भागाकार करतात आणि रेट सापडला म्हणून खूश होतात. खरी माहिती बाकीच्या रकान्यांत असते. दोन्हीकडे एकच आडनाव असेल तर तो बहुतेक वेळा बाजारातला व्यवहारच नसतो, घरातल्या घरात बदल असतो. विकणारी कंपनी आणि घेणारा त्याच कंपनीचा डायरेक्टर असेल तर तेच. चौथ्या रकान्यात 'इतर माहिती' म्हणून बारीक अक्षरात गिचमिड मजकूर असतो, त्यात सोबत किती कार पार्किंग दिली ते असतं, आणि दक्षिण मुंबईत सहा पार्किंगवालं घर आणि दोन पार्किंगवालं घर यांत मोठा फरक आहे कारण घरात चार गाड्या आणि दोन ड्रायव्हर असलेलं कुटुंब दोन पार्किंगचं घर बघायलाही येत नाही. दस्त करून दिल्याची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगळी असते, मध्ये चार महिन्यांपर्यंत अवधी कायद्याने चालतो, आणि भाव तर त्याच्याही आधी, टोकन देताना ठरलेला असतो. पडत्या किंवा चढत्या मार्केटमध्ये हे महिने महत्त्वाचे.

आणि बाजारभाव हा जो तिसरा रकाना आहे ना, त्यातला आकडा सरकारच्या रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे विभागवार ठरवलेल्या दरांच्या तक्त्याप्रमाणे काढलेला असतो. स्टँप ड्युटी कशावर घ्यायची हे ठरवायला तो आहे, त्या कामापुरता तो चोख आहे. मुंबईत ड्युटी मेट्रोचा एक टक्का धरून सहा टक्के, आणि ती मोबदला आणि हा आकडा यातला जो जास्त त्यावर. इन्कम टॅक्सवाले पण हाच आकडा धरतात, तो करारातल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांपर्यंत जास्त असला तरी चालतं, त्याहून जास्त असला की फरकावर विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही टॅक्स लागू शकतो. म्हणून बरेच जण समजतात की हीच घराची किंमत. पण रेडी रेकनर बघतो काय? विभाग, इमारतीचं वय, आणि लिफ्ट असेल तर मजला. पाच ते दहा मजल्याला पाच टक्के जास्त, अकरा ते वीसला दहा, एकवीस ते तीसला पंधरा, एकतीसच्या वर वीस टक्के. बस. एकाच मजल्यावरचा पश्चिमेचा फ्लॅट ज्याच्या हॉलमधून हाजीअली ते सी-लिंक दिसतो आणि पूर्वेचा फ्लॅट ज्याला समोरच्या टॉवरच्या डक्टचं दर्शन, या दोघांचा रेडी रेकनर एकच. प्रत्यक्षात दोघांत इतका फरक पडतो की पूर्वेच्या फ्लॅटवरून पश्चिमेच्या फ्लॅटची किंमत काढायला गेलं तर ती मोजमाप नाही, अंदाजपंचे होते.

म्हणून साइटवर जावंच लागतं, फोटोवरून आणि ब्रोशरवरून हे काम होत नाही हे मी नव्या मुलांना सारखं सांगते. मध्यंतरी प्रभादेवीचा एक फ्लॅट बघायला गेले होते, मुलगा तिथे राहतो, आई-वडिलांच्या नावावर घर, त्यावर कर्ज काढायचं होतं. दार उघडल्या उघडल्या समोर समुद्र, अगदी पायाखाली यावा असा. त्यांनी पडदे मुद्दाम उघडून ठेवले होते. मी टेप आणि लेझर बाजूला ठेवून आधी खिडकीशी गेले आणि खाली बघितलं. समुद्र आणि ही इमारत यांच्या मध्ये एक जुनी, चार मजली उपकर इमारत (म्हाडाला दुरुस्तीचा उपकर भरणारी, भाडेकरूंची) होती, गच्चीवर ताडपत्री, एका कोपऱ्यात पिंपळ उगवलेला, आणि दर्शनी भिंतीवर विकासकाचा बोर्ड लागलेला. आज ना उद्या ती पडणार आणि तिथे पन्नास मजले उभे राहणार. मग या हॉलमधून काय दिसेल? दक्षिणेकडची एक फट राहील, कदाचित मास्टर बेडरूममधून समुद्राची एक पट्टी. समुद्र दिसत राहील अशी हमी करारनाम्यात कोणी देत नाही, समोरचा आपल्या जागेत बांधणार, त्याला अडवणार कशाच्या जोरावर? मी रिपोर्टमध्ये समोरच्या प्लॉटचा सीटीएस नंबर घालून हे सगळं लिहिलं आणि किंमत त्याप्रमाणे धरली. मुलाला ते आवडलं नाही, साहजिक आहे, त्याला रोज समुद्र दिसतोय. पण बँक वीस वर्षांसाठी पैसे देणार आहे.

त्याच खिडकीशी अजून एक गोष्ट बघायची असते, खाऱ्या हवेने स्लायडिंगच्या ट्रॅकला, एसीच्या आउटडोअर युनिटला, बाहेरच्या भिंतीतल्या सळयांना काय केलंय ते. समुद्रासमोरची इमारत आतल्या इमारतीपेक्षा लवकर थकते, दर काही वर्षांनी बाहेरून मोठं काम निघतं, आणि ज्या सोसायटीचा सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी, अशक्त आहे तिथे हा खर्च घर घेणाऱ्याच्या माथी येणार.

क्षेत्रफळाचा घोळ तर वेगळाच. रेरा आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, कार्पेट एरियाची, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेची व्याख्या पक्की झाली, आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि स्वतंत्र बाल्कनी सोडायची. खूप चांगलं झालं, आधी सुपर बिल्टअपच्या (जिना, लॉबी सगळं धरून) नावाखाली काय काय विकलं जायचं. पण लक्झरी घरांत बाल्कनी ही बाल्कनी नसतेच, हॉलला लागून आठशे-हजार फुटांचा डेक असतो, त्यावर झाडं, झोपाळा, वीस माणसांचं जेवण होईल एवढी जागा. तो कार्पेटमध्ये येत नाही पण त्याची किंमत मोबदल्यात असते. मग भागाकार केला की रेट फुगलेला दिसतो आणि शेजारच्या इमारतीतला, डेक नसलेल्या फ्लॅटचा मालक म्हणतो की मला पण एवढाच पाहिजे. जुन्या दस्तात क्षेत्रफळ कधी कार्पेट, कधी बिल्टअप, आणि सगळं चौरस मीटरमध्ये. हे एका पातळीवर आणल्याशिवाय तुलना करण्यात काही अर्थ नाही. दोन डुप्लेक्स जोडलेले असतील तर मधला जिना मंजूर नकाशात आहे का बघा, डबल हाइटच्या जागी नंतर स्लॅब टाकला असेल तर ते फूट कागदावर नाहीत आणि उद्या विकताना त्याचे पैसे मिळतील असं धरू नका.

इंटिरियरबद्दल बोलले की लोक दुखावतात, तरी बोलते. दहा कोटी, पंधरा कोटी खर्च करून घर सजवलेलं असतं, इटालियन मार्बल एका खाणीतून, एका लॉटचा आणलेला, स्वयंपाकघर जर्मनीहून आलेलं, आणि मालकाला वाटतं की हे पैसे किमतीत जमा झाले. बहुतेक वेळा नाही होत. या पातळीवर घर घेणारा माणूस स्वतःचा आर्किटेक्ट घेऊन येतो आणि पहिल्या महिन्यात सगळं फोडतो, देवघराची दिशा बदलतो, बाथरूम हलवतो. त्याच्या दृष्टीने चांगला, रिकामा, सरळ खांबांचा फ्लॅट जास्त सोयीचा. ज्या गोष्टी फोडून बदलता येत नाहीत त्यांना मात्र तो पैसे देतो. छताची उंची, मजल्यावर किती घरं, नोकरांचं येण्याजाण्याचं दार आणि लिफ्ट वेगळी आहे का, शेजारी कोण आहेत.

शेजारी कोण आहेत हे मी मुद्दाम लिहिलं. काही सोसायट्यांमध्ये कोणाला घर द्यायचं याचे लिखित-अलिखित नियम असतात. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी हाउसिंग सोसायटीच्या केसमध्ये फक्त पारशांनाच सभासद करून घेण्याचा उपविधी मान्य केला होता. बरं-वाईट बाजूला ठेवून नुसता किमतीचा विचार केला तरी घेणाऱ्यांचं वर्तुळ लहान झालं की भाव खाली येतो. आणि लक्झरीत मुळात वर्तुळ लहानच असतं. शंभर कोटीचं घर घेऊ शकणारी आणि याच वर्षी, याच भागात घेऊ इच्छिणारी कुटुंबं किती असतील? ब्रोकरच्या फोनमध्ये त्यांची नावं असतात. त्यातली निम्मी शाकाहारी सोसायटी शोधतायत, काहींना मुलांच्या शाळेजवळ पाहिजे, काहींना मरीन ड्राइव्हची जुनी इमारत लिफ्ट लहान म्हणून नको. शेवटी राहतात दोन-तीन जण. त्या दोन-तीन जणांना काय परवडतं आणि किती हवंय, यावर ती किंमत ठरते.

बंगल्यांचं तर याहून टोकाचं. मलबार हिलवरचा होमी भाभांचा 'मेहरंगीर' २०१४ मध्ये एनसीपीए या कलासंस्थेने लिलावात काढला. राखीव किंमत २५७ कोटी होती, गेला ३७२ कोटींना. म्हणजे जाणकारांनी बसून ठरवलेल्या आकड्यावर शंभराहून जास्त कोटी चढले, कारण त्या दिवशी अशी जागा हवीच असणारे एकापेक्षा जास्त होते. पुढे २०१६ मध्ये बंगला पाडला. मला त्याचं फार वाईट वाटलं, आजही त्या रस्त्याने जाताना वाटतं. किमतीत जमीन मोजली गेली, भाभा तिथे राहिले होते हे कशात मोजणार? शेजारचाच म्हणावा असा जटिया हाऊस २०१५ मध्ये कुमारमंगलम बिर्लांनी ४२५ कोटींना घेतला. आणि त्याच वर्षी ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसचा ७५० कोटींचा सौदा जाहीर झाला, वांकानेरच्या महाराजांचा मूळ महाल, अमेरिकन कॉन्सुलेटने १९५७ मध्ये ९९९ वर्षांच्या लीजवर घेतलेला, घेणारे सायरस पूनावाला. पण जागेच्या मालकीवरून केंद्र सरकारने हरकत घेतली आणि व्यवहार वर्षानुवर्षं अडकून राहिला. पेपरात मात्र ७५० कोटी हा आकडा छापून आला आणि कित्येक वर्षं आजूबाजूचे मालक तोच सांगत राहिले. पूर्ण न झालेल्या व्यवहाराचा आकडा तुलनेत धरायचा नसतो, ही आमच्या कामातली पहिली इयत्ता. जमीन कोणाची, फ्रीहोल्ड की कलेक्टरची की लीजवर, हेरिटेज वास्तूंच्या यादीत आहे का, सीआरझेडमध्ये (किनाऱ्यालगतच्या बांधकाम-निर्बंधाच्या पट्ट्यात) किती येते, हे प्रॉपर्टी कार्ड आणि विकास आराखडा बघून आधी कळायला हवं, संगमरवर नंतर.

गोव्यात गेलं की प्रश्न बदलतात. आसगाव, साळगाव, हळदोणे इथली जुनी घरं, शिंपल्यांच्या खिडक्या, बलकांव म्हणजे दारासमोरची बसायची ओसरी, मागे माड-फणस, दिल्ली-मुंबईचे लोक बघता क्षणी प्रेमात पडतात. पण तिथे पोर्तुगीज काळापासूनचा कौटुंबिक कायदा चालतो, नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, आणि वारसांचा हिस्सा राखीव. म्हणजे घर आजोबांच्या नावावर असेल तर त्यांची सगळी मुलं, जी मुलं हयात नाहीत त्यांची मुलं, आणि या सगळ्यांचे जोडीदार, जे लिस्बनला, टोरांटोला, मेलबर्नला आहेत, सगळ्यांच्या सह्या लागतात. आवारात मुंडकाराचं, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने तिथे राहत आलेल्याचं, घर असेल तर १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला संरक्षण आहे, तो तिथून हलणार नाही आणि हलवूही नये. कागद स्वच्छ असलेल्या घराची आणि कागद अडकलेल्या तशाच घराची किंमत एकच कशी असेल? पण ब्रोकरच्या यादीत दोघांपुढे सारखाच आकडा दिसतो.

बँकेसाठी रिपोर्ट लिहिताना आम्हाला तीन आकडे द्यायला लागतात, बाजारमूल्य, प्रत्यक्ष हातात येईल ते मूल्य, आणि घाईत विकावं लागलं तर मिळेल ते. मालमत्ता पन्नास कोटी किंवा जास्तीची असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे किमान दोन स्वतंत्र व्हॅल्युअरचे रिपोर्ट घेतात, आणि ते योग्यच आहे, कारण दोन प्रामाणिक माणसांच्या आकड्यांत या पातळीवर दहा-पंधरा टक्के फरक सहज पडतो. तो फरक लपवायचा कशाला? मी तर आता रिपोर्टमध्ये एक आकडा दिला तरी खाली लिहिते की तो कशावर उभा आहे आणि काय बदललं तर किती हलेल. भाडं हा एक तपास म्हणून बघते. मोठ्या घरांचं वर्षाचं भाडं किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास येतं, त्याच्याही खूप खाली गेलं तर मला शंका येते की किंमत कोणीतरी मनाने ठरवलीय.

यात मला इतकं का वाटतं ते एका कामावरून सांगते. पुण्यात प्रभात रोडच्या एका गल्लीतला बंगला, वडील गेलेले, आई मागच्या वर्षी गेली, तीन भावंडं. मोठा भाऊ तिथेच राहतो, त्याला बंगला ठेवायचाय आणि बाकी दोघांचा हिस्सा विकत घ्यायचाय. मधला नाशिकला. बहीण न्यू जर्सीत, तिला कोणीतरी नेटवरून काढलेला एक भाव पाठवला होता, तो प्लॉटच्या फुटाला गुणून तिने आपला हिस्सा मनात धरला होता. दादाने एका ओळखीच्या ब्रोकरकडून दुसरा आकडा आणला होता, बहिणीच्या आकड्याच्या निम्म्यापेक्षा थोडा जास्त. दोघं एकमेकांशी फोनवर बोलायचे बंद झाले होते, मधल्याच्या मार्फत निरोप. आणि खरं सांगायचं तर दोघंही खोटं बोलत नव्हते. तिचा आकडा मोठ्या रस्त्यावरच्या, दोन प्लॉट एकत्र करून विकासकाने घेतलेल्या जागेचा होता. दादाचा आकडा राहत्या बंगल्याचा, जुना दस्त, आणि विकणाऱ्याला तेव्हा पैशांची नड होती.

मी विकासकाच्या बाजूने हिशेब मांडला, यांच्या गल्लीचा रस्ता किती मीटर, त्यावर एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले बांधकाम हक्क) किती मिळेल, किती फूट विकता येतील, कितीने, त्यातून बांधकाम, मंजुऱ्या, व्याज, त्याचा नफा वजा केला तर जमिनीला तो किती देऊ शकेल. रस्ता अरुंद, त्यामुळे बहिणीच्या आकड्याच्या बराच खाली आला. मग दुसरा हिशेब, स्वतः राहायला घेणाऱ्याचा, डेक्कनला बंगलाच हवा असं म्हणणारी कुटुंबं अजून आहेत, ती विकासकापेक्षा थोडं जास्त देतात. तिसरं म्हणजे शेजारचा प्लॉट, तो यांच्याबरोबर आला तर दोघांची किंमत वाढते, पण शेजारचे काका आज विकायला तयार नाहीत. तिघांना एका व्हिडिओ कॉलवर बसवलं, न्यू जर्सीत सकाळ, इथे संध्याकाळ, आणि प्रत्येक ओळ वाचून दाखवली, कुठला दस्त धरला, कुठला सोडला आणि का सोडला. बहीण मध्येच म्हणाली की म्हणजे मला ज्याने भाव पाठवला त्याने रस्ता बघितलाच नाही. दादा म्हणाला की माझ्यावालाही नडीचा व्यवहार होता हे मला माहीत नव्हतं.

शेवटी त्यांनी स्वतः राहायला घेणाऱ्याचा आकडा धरला, त्यावर दोघांचा हिस्सा ठरवला, आणि वकिलाकडून एक कलम घालून घेतलं की पुढच्या सात वर्षांत दादाने बंगला विकला किंवा शेजारच्या प्लॉटसकट विकासाला दिला तर वरचा फरक तिघांत वाटायचा. हे कलम मला सुचलं नव्हतं, नाशिकच्या भावाने सुचवलं. दस्त नोंदवताना बहिणीने पॉवर ऑफ ॲटर्नी दिली होती, ती दादाच्याच मुलीच्या नावाने.